पहिला झाडावरचा टॅरंटुला: गूटी नको, पिंक टो घे

प्रश्न थोडक्यात असा आहे: घोडबंदर रोडला वन बीएचके, घरात आई आणि एक मांजर, टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, आधी कधीच पाळलेला नाही, आणि आता झाडावर राहणाराच घ्यायचाय. मन गूटी सफायरवर बसलंय, ते नाही जमलं तर व्हर्सिकलर, आणि शेवटी विचारलंय की ताई तुमचा स्वतःचा फेव्हरेट कुठला.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण तो सोपा आहे. माझी फेव्हरेट साधी पिंक टो, अ‍ॅव्हिक्युलॅरिया अ‍ॅव्हिक्युलॅरिया. हो तीच, जिला सगळे "बिगिनरवाली" म्हणून नाक मुरडतात. ऐरोलीत गेली बारा वर्षं मी कोळी ठेवतेय, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे, चिडके असे बरेच येऊन गेले, पण रात्री साडेदहाला भांडी आटपून मी ज्या डब्यासमोर जाऊन उभी राहते तो हिचाच. अंग काळंभोर, मखमलीसारखे केस, आणि आठही पायांची टोकं गुलाबी, जणू कुणी बसवून अळता लावलाय. काचेवर चालताना ती एकेक पाय उचलून हळूच टेकवते, आणि पायाखालचे बारीक केस काचेला चिकटतात तेव्हा आतल्या बाजूने एक छोटा गुलाबी ठिपका दिसतो, मग दुसरा, मग तिसरा. सासूबाई पहिलं वर्ष त्या खोलीत पाऊल टाकायच्या नाहीत, आता विचारतात "जेवली का ती बाई". शेजारच्या कोळीवाड्यातल्या एक काकू मात्र अजून चिडवतात, कोळी आम्ही, आणि तू म्हणे घरात कोळी पाळतेस!

आता गूटी. पोसिलोथेरिया मेटॅलिका. फोटोत तो निळा बघून कुणाचंही डोकं फिरेल, माझंही फिरलं होतं. पण त्याची गोष्ट ऐक. १८९९ मध्ये पोकॉक नावाच्या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं, नमुना आंध्रातल्या गूटीला रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत सापडलेला, म्हणून नाव गूटी. नंतर शंभर वर्षं तो कुणाला दिसलाच नाही, आणि २००१ च्या सुमारास सापडला तो तिथून साधारण शंभर किलोमीटर लांब, नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात. म्हणजे गूटीला तो बहुतेक लाकडाबरोबर रेल्वेने आला असणार, बिचारा विदाऊट तिकीट. सगळ्या जगात राहायला जागा तेवढीच, तिथेही झाडं तोडली जातात, आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेने तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदवलाय. आणि २०१९ ला पोसिलोथेरिया हा अख्खा जीनस, म्हणजे या गटातल्या सगळ्या जाती, सायटीसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणारा करार) परिशिष्ट दोनमध्ये गेला. आपल्याकडे वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने सायटीसवाल्या प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे, त्यातलं काही बाळगायचं तर नोंदणी लागते, कागद लागतात. कुणी "भाई अपना इंडियन है, कुछ नहीं होता" असं सांगून डबी हातात देत असेल तर तो जंगलातून उचललेला नाही कशावरून? परदेशातून पार्सलने मागवायचा विचारही नको, जुलै २०२० मध्ये चेन्नई कस्टम्सने पोलंडहून आलेल्या एका पार्सलमध्ये चांदीच्या वर्खासारख्या फॉइलमध्ये आणि कापसात गुंडाळलेल्या १०७ डब्या पकडल्या होत्या, प्रत्येकीत एक जिवंत कोळी.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी पहिला कोळी म्हणून पोसिलोथेरिया मी कुणालाच सांगणार नाही. एक तर स्पीड. तो चालत नाही, इथून गायब होतो आणि तिथे दिसतो, मधलं काही आपल्याला दिसतच नाही. दुसरं म्हणजे विष. माणूस मेल्याची नोंद नाही, पण चावला की काही तासांनी स्नायूंना जे पेटके येतात ते कधी कधी दिवसेंदिवस परत परत येत राहतात. आणि अंगावर खाज आणणारे केस नसल्यामुळे त्याच्याकडे केस झाडून हुसकावायची मधली पायरीच नाही, एक तर पळायचं नाहीतर चावायचं. दिवसा मात्र एवढा लाजाळू की सालीमागून पायाचं टोकही दाखवत नाही. घोडबंदरला राहतोस, येऊर हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून तिथेच एखादा कोळी सापडला तर डबीत घालून आणू असंही डोक्यात आणू नकोस. ते नॅशनल पार्क आहे, तिथून पानसुद्धा उचलायचं नसतं.

व्हर्सिकलरकडे येऊ. कॅरिबेना व्हर्सिकलर, कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरचा. विकणारे अजूनही अ‍ॅव्हिक्युलॅरिया व्हर्सिकलर लिहितात, ते जुनं नाव, २०१७ मध्ये फुकुशिमा आणि बर्तानी या संशोधकांनी अख्ख्या अ‍ॅव्हिक्युलॅरियाची फेरतपासणी केली तेव्हा त्याला कॅरिबेनात टाकलं. पिल्लू असताना पूर्ण निळं, मग मोल्टमागून मोल्ट (मोल्ट म्हणजे कात टाकणं) रंग बदलत जातो आणि मोठेपणी पाठीवर हिरवा, पोटावर लालसर केस आणि पायांवर जांभळट झाक. पैठणीच आहे, दुसरा शब्द नाही. स्वभावही गरीब. मग हाच का नको? घे की, पण दुसरा म्हणून घे. याची पिल्लं नाजूक असतात, आपल्या पावसाळ्यात तर फारच, आणि महाग म्हणून गेल्यावर दुःख दुप्पट होतं. घेताना सायटीसची त्या वेळची यादी बघून घे, कागद माग, बिल माग. हे पिंक टोलाही लागू.

एक अजून नाव तुझ्या कानावर येईल, सालमोपियस इर्मिनिया. काळा, पायाच्या टोकांवर केशरी ज्वाळांसारख्या खुणा, व्हेनेझुएला आणि त्या भागातला. दक्षिण अमेरिकेतला असूनही याला खाजरे केस नाहीत, म्हणजे वागणूक साधारण आपल्या पोसिलोथेरियासारखीच. त्याच्या भावकीतल्या सालमोपियस केम्ब्रिजीच्या विषावर २००६ मध्ये काम झालं, त्यात असं निघालं की या विषातले काही घटक टीआरपीव्ही-वन नावाच्या रिसेप्टरला (नसांमधलं संवेदना टिपणारं प्रथिन) चेतवतात, आणि मिरचीचा तिखटपणा आपल्याला जाणवतो तो याच रिसेप्टरमुळे. तो रिसेप्टर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियसला २०२१ चं नोबेल मिळालं. थोडक्यात, तो चावतो म्हणजे रक्तात ठेचा घालतो. मला चावलेला नाही, पण एकदा डबा साफ करताना माझ्या कोपरापर्यंत चढून, खांद्यावरून उडी मारून कपाटामागे गेला होता, आणि मग रात्री दीड वाजता मी आणि नवरा गोदरेजचं कपाट इंच इंच सरकवत होतो, खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले की शिफ्टिंग आहे का. वन बीएचकेमध्ये आई आणि मांजरासोबत हा प्रसंग कसा दिसेल त्याची कल्पना कर.

पिंक टो यातलं काय करते? बहुतेक वेळा काहीच नाही. फार छेडलंस तर पळते, छोटी उडी मारते, किंवा वळून मागचा भाग वर करते आणि नेम धरून शी उडवते. खरंच. माझ्या चष्म्यावर दोनदा बसलीये. खाजरे केस आहेत पण ती ते सहसा हवेत झाडत नाही, पोट आपल्याला टेकवलं तरच लागतात. तरी हातावर खेळवायची वस्तू नाही ती, उंचावरून पडली की पोट फुटू शकतं.

नावाची गंमत सांगते आणि मग कामाचं बोलते. मारिया सिबिला मेरियन नावाची बाई सुरीनामला जाऊन किडे-फुलपाखरांची चित्रं काढायची, १७०५ मध्ये तिचं पुस्तक आलं, त्यातल्या एका चित्रात मोठा कोळी हमिंगबर्डला खाताना दाखवलाय. लोकांनी बाईला खोटं ठरवलं. पण प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये कोळ्याला नाव दिलं ते अ‍ॅव्हिक्युलॅरिया, म्हणजे छोट्या पाखरांशी संबंधित. आमची बाई पाखरं सोड, जरा मोठं झुरळ टाकलं तर स्वतःच दोन पावलं मागे जाते.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं टाइप करत बसलेय. ठाण्या-नवी मुंबईत झाडावरचा कोळी कशाने मरतो? थंडीने नाही, भुकेने तर जवळजवळ कधीच नाही. कोंदट हवेने मरतो. परदेशातले व्हिडिओ बघितलेस तर ते सांगतात ह्युमिडिटी वाढवा, रोज स्प्रे मारा. त्यांच्याकडे हीटर चालू, हवा सुकी, त्यांना ते लागतं. मी पहिल्या वर्षी तेच ऐकलं. सहा पिल्लं घेतली होती, नखाएवढी, घट्ट झाकणाच्या डब्या, झाकणाला सुईची चार भोकं, सकाळ-संध्याकाळ स्प्रे. जून गेला, जुलै आला. एके दिवशी तळाच्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) कापसासारखी पांढरी बुरशी, दुसऱ्या दिवशी एक पिल्लू तळाशी, पाय मुठीसारखे आत ओढलेले. (कोळ्याचे पाय पसरतात ते आतल्या द्रवाच्या दाबाने, दाब गेला की सगळे आत वळतात, ती मूठ दिसली की समजायचं.) पंधरा दिवसांत चार गेली. हॉबीत याला मोठं नावही आहे, सडन अ‍ॅव्हिक्युलॅरिया डेथ सिंड्रोम, जसं काही रोगच आहे. रोगबिग काही नाही रे, बऱ्याचदा आपणच ओल्या बंद डबीत गुदमरवलेलं असतं. उरलेली दोन वाचली कारण घाबरून मी स्प्रेला हातच लावायची बंद झाले, एवढंच. त्यातलीच एक ही.

तेव्हापासून माझा नियम, ज्या दिवसांत पापड डब्यात असून नरम पडतात त्या दिवसांत डब्यात पाण्याचा थेंब उडवायचा नाही. फक्त प्यायला एक बाटलीचं बूच, तेही वरच्या बाजूला ग्लूगनने चिकटवलेलं, कारण पिंक टो खाली फार उतरत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा सुकते तेव्हा, किंवा एसीच्या खोलीत असेल तर, आठवड्यातून एक-दोनदा एका भिंतीवर हलका स्प्रे, दुसरी भिंत कोरडी. आणि भोकं आडवीतिडवी पाहिजेत, एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर, म्हणजे हवा आरपार जाते. फक्त झाकणाला भोकं पाडून काही होत नाही. सोल्डरिंग आयर्न गरम करून पाड, बाहेर बाल्कनीत, प्लॅस्टिकचा धूर नाकात जाऊ देऊ नकोस. भोक कोळ्याच्या डोक्याकडच्या कडक भागापेक्षा लहान हवं, पोट दबतं पण तो भाग दबत नाही, तो भोकातून निघाला की सगळा कोळी बाहेर.

डबा उभा. आणि इथे एक युक्ती जी मला तीन वर्षांनी कळली. ही घर बांधते वरच्या कोपऱ्यात, झाकणालाच लागून, म्हणजे दर वेळी झाकण उघडलं की तू तिचं छप्पर फाडतोस आणि ती तुझ्या हातावर. म्हणून बरणी उलटी वापरायची. झाकण खाली, झाकणात दोन बोटं कोकोपीट, वर उपडी बरणी. साफ करताना बरणी फिरवून वर उचलायची, जाळं आणि कोळी दोन्ही बरणीबरोबर वर जातात, तळ मोकळा. मोठी झाली की समोरून दार उघडणारा अ‍ॅक्रिलिकचा डबा घे. आत उभं लाकूड, कॉर्क बार्क महाग पडतं म्हणून मी बांबूचा फाटलेला तुकडा किंवा पेरूची फांदी वापरते, उकळून, दोन दिवस कडक उन्हात वाळवून. आणि वरच्या भागात प्लॅस्टिकची पानं, जाळं अडकवायला आधार लागतो, दारावरचं जुनं तोरण कापलं तर पाच डब्यांची सोय होते.

हीटिंग मॅटचं डोक्यातून काढ. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे, मे महिन्यात ठाण्यात पारा चाळिशीकडे जातो तेव्हा डबा खिडकीपासून लांब, जमिनीजवळ ठेवायचा, थेट ऊन तर कधीच नाही.

अजून एक गोष्ट जी कुठल्याही परदेशी व्हिडिओत नसते. मच्छरांची फवारणी. कोळ्याला आणि मच्छराला मारणारं औषध वेगळं नसतं. आमच्या सोसायटीत एकदा पेस्ट कंट्रोलवाला न सांगता पॅसेजमध्ये मारून गेला, माझी खिडकी उघडी, संध्याकाळी आले तर एक नर डब्याच्या तळाशी थरथरत होता, पाय स्वतःच्याच पायात अडकत होते, दोन दिवसांत गेला. आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फॉगिंगचा मेसेज आला की सगळे डबे बाथरूममध्ये, दाराच्या फटीला ओला टॉवेल. त्या खोलीत मच्छरांचं लिक्विड मशीन नाही, कॉइल नाही, खडू नाही. मुंग्यांसाठी टेबलाचे चार पाय पाण्याच्या वाट्यांत, आजी दुधाच्या कपाटाला करायची तसं. मोल्ट होत असताना लाल मुंग्या आल्या तर कोळी काहीच करू शकत नाही. मांजरासाठी डबा बंद कपाटात किंवा भिंतीला स्क्रू केलेल्या शेल्फवर, हलता कोळी म्हणजे त्याच्यासाठी टीव्ही आहे.

खाण्याचं फार डोकं लावू नकोस. लहान असताना चार-पाच दिवसांनी, मोठी झाल्यावर आठ-दहा दिवसांनी, पोटापेक्षा लहान एक किडा, पाळलेलं रेड रनर झुरळ किंवा क्रिकेट. घरातलं झुरळ कधीच नाही, त्याने कुणाच्या किचनमधलं जेल खाल्लंय देव जाणे. रात्रभरात खाल्लं नाही तर सकाळी काढून घे. खायचं बंद केलं, पोट काळपट चकचकीत झालं, जाळं जाड केलं, म्हणजे मोल्ट येतोय, तेव्हा आठवडेच्या आठवडे उपास चालतो, हात लावायचा नाही.

कात टाकली की ती फेकू नकोस. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, त्यात अर्धा तास, मग बारीक ब्रशने पोटाचा चुरगळलेला भाग उलगडायचा. आतल्या बाजूने पांढरट चार चौकोन दिसतात ती बुक लंग्ज, म्हणजे कोळ्याची फुप्फुसं, त्यातल्या वरच्या दोघांच्या मधे खिशासारखी बारीक घडी उभी राहिली तर मादी. मोबाइलचा टॉर्च आणि एक साधं भिंग पुरतं. हे बघणं महत्त्वाचं कारण मादी दहा-बारा वर्षं साथ देते आणि नर शेवटच्या मोल्टनंतर काही महिने, फार तर वर्षभर. मी माझी मादी आहे हे कळल्यावर डायनिंग टेबलवर एकटीच ओरडले होते.

तर तू असं कर. नखाएवढं पिल्लू नको, दीड-दोन इंचाची घे, थोडे पैसे जास्त जातील पण नाजूक वय ओलांडलेलं असतं. आणि आत्ता जुलैत घेऊ नकोस. आत्ता फक्त बरणी बनव, कोकोपीट, बांबू, पानं सगळं घालून जिथे ठेवणार तिथेच रिकामी ठेव, आईला रोज येताजाता दिसू दे. पंधरा दिवसांनी झाकण फिरवून नाक आत घाल. कुबट वास आला किंवा पांढरं काही दिसलं तर अजून भोकं पाड आणि परत पंधरा दिवस. वास नुसत्या मातीचा आला तर दसऱ्यानंतर मला मेसेज कर, कुणाकडे बिलासकट मिळेल ते बघू.